रोडिओचं जग (लेखांक ४) : चार सेकंदांतले भागीदार

मागच्या आठवड्यात पाहिलेल्या ब्रॉन्क रायडरला प्रवासाला एक खोगीर आणि एक पिशवी पुरते. उधळणारा घोडा त्याला मैदानावरच मिळतो. स्टीअर रेसलरचं बिऱ्हाड याहून मोठं. स्वतःचे घोडे, त्यांचा ट्रेलर, तो ओढणारा डिझेल पिकअप, आणि त्याच गाडीत आळीपाळीने झोपणारे-जागणारे दोन-तीन सोबती. हे सोबती बहुतेकदा त्याच स्पर्धेत, त्याच बक्षिसासाठी उतरणार असतात. मैदानात लोकांना दिसतो तो एकच आडदांड माणूस, भरधाव घोड्यावरून गोऱ्ह्याच्या शिंगांवर झेपावणारा. त्या झेपेमागचा सगळा व्यवहार मात्र भागीदारीचा आहे, आणि भागीदार अनेकदा प्रतिस्पर्धीच असतो. मला हा खेळ मोलाचा वाटतो तो यामुळे.

आधी खेळ समजून घेऊ. स्टीअर म्हणजे खच्ची केलेला, शिंगं असलेला तरणा गोऱ्हा. नियमाप्रमाणे त्याचं वजन ४५० ते ६५० पौंड, म्हणजे साधारण २०० ते २९५ किलो असावं लागतं. मूळची मेक्सिकोतली, काटक आणि चपळ कोरिएंते जात यासाठी पसंत केली जाते. गोऱ्हा मधल्या अरुंद चूटमध्ये उभा असतो. त्याच्या डाव्या हाताच्या बॉक्समध्ये रेसलर घोड्यावर बसलेला, उजव्या बॉक्समध्ये दुसरा घोडेस्वार, ज्याला हेझर म्हणतात. रेसलरने मान हलवली की चूटचं दार उघडतं. गोऱ्ह्याला ठरावीक अंतराची आघाडी द्यायची असते, म्हणून रेसलरच्या घोड्यापुढे बॅरिअरची दोरी ताणलेली असते. गोऱ्ह्याने ते अंतर ओलांडलं की ती सुटते. त्याआधी घोड्याने ती तोडली, तर वेळेत दहा सेकंदांची भर पडते. जिथे निकाल सेकंदाच्या दहाव्या भागाने लागतो, तिथे दहा सेकंद म्हणजे सारी मेहनत पाण्यात.

घोडा गोऱ्ह्याच्या बरोबरीला आला की रेसलर उजवीकडे झुकतो. उजव्या हाताच्या कोपराच्या बेचक्यात गोऱ्ह्याचं उजवं शिंग अडकवतो, डाव्या हाताने डावं शिंग धरतो. घोडा पुढे निघून जातो आणि माणसाचे पाय रिकिबीतून सुटून मातीवर येतात. आता बुटांच्या टाचा पुढे रोवून वेग मोडायचा. मग डावा हात शिंगावरून गोऱ्ह्याच्या नाकाखाली सरकवायचा, मान वळवायची आणि त्याच्याच वेगाचा उपयोग करून त्याला आडवं पाडायचं. गोऱ्हा कुशीवर पडला, चारही पाय एकाच दिशेला आले, की पंच झेंडा खाली करतो. उलट्या बाजूला पडला तर त्याला उठू द्यायचं किंवा डोकं वळवून पाय सरळ करून घ्यायचे. हातातून निसटलेला गोऱ्हा पुन्हा धरायला एका पावलापेक्षा जास्त धावता येत नाही. चांगल्या रेसलरचं हे सगळं तीन ते पाच सेकंदांत आटोपतं. बॅरिअर असतानाची विक्रमी वेळ २.४ सेकंद आहे.

हे वाचून ताकदीचाच खेळ वाटेल. रेसलर अंगापिंडाने दणकट असतात हे खरं, तरी तीनशे किलोच्या धावत्या जनावराला नुसत्या दंडाच्या जोरावर कोणी पाडत नाही. टाचा कधी रोवायच्या आणि मान कुठल्या कोनात वळवायची, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून सराव आधी जमिनीवर होतो. चाकांच्या गाडीमागे घसरत जाणारा लोखंडी नकली गोऱ्हा धरून टाचा घासण्याचा, मग चूटपाशी उभं राहून घोड्याविना खरा गोऱ्हा पाडण्याचा. शाळांच्या रोडिओपासून हे शिक्षण सुरू होतं. अमेरिकेत महाविद्यालयीन रोडिओची राष्ट्रीय संघटना १९४९पासून आहे आणि अनेक व्यावसायिक रेसलर त्या संघांतूनच वर आले आहेत.

आता हेझरकडे येऊ. गोऱ्हा स्वतःहून सरळ रेषेत धावत नाही. एका बाजूने भरधाव घोडा येताना दिसला की तो दुसऱ्या बाजूला पळू बघतो. ती बाजू बंद करून त्याला रेसलरच्या हाताच्या टप्प्यात ठेवणं हे हेझरचं काम. तो एक क्षण मागे पडला तर गोऱ्हा उजवीकडे फाकतो आणि रेसलर रिकाम्या हवेत झेपावतो. हेझर फार पुढे गेला तर गोऱ्हा बिचकून थबकतो आणि रेसलर त्याच्या डोक्यावरून पलीकडे. हेझरचं नाव निकालपत्रकात नसतं. आणि हा हेझर बहुतेकदा दुसरा रेसलरच असतो. थोड्या वेळापूर्वी याने त्याच्यासाठी हेझिंग केलेलं असतं, आता तो याच्यासाठी करतो. आपल्याला मागे टाकू शकणाऱ्या माणसाची धाव सरळ राहावी म्हणून जीव तोडून घोडा हाकायचा, हे या पेशात इतकं नित्याचं आहे की त्याबद्दल कोणी वेगळं बोलतही नाही.

घोड्यांचंही तसंच. बॉक्समध्ये पुतळ्यासारखा स्थिर राहणारा, क्षणात पूर्ण वेग घेणारा आणि स्वार उतरल्यावरही न बिचकता सरळ पुढे जाणारा घोडा दुर्मीळ असतो. प्रत्येकाकडे असा घोडा नसतो, म्हणून ज्याच्याकडे आहे तो इतरांना देतो. रूढ हिशेब असा, की घोडा आणि हेझिंग दुसऱ्याचं असेल तर जिंकलेल्या रकमेचा साधारण चौथा हिस्सा त्यांना जातो. काही जिंकलं नाही तर द्यायचंही काही नाही. टायलर पिअरसन २०१७मध्ये विश्वविजेता झाला तो 'स्कूटर' नावाच्या घोड्यावर, आणि तो घोडा त्याच्या आणि काइल अर्विन या दुसऱ्या रेसलरच्या सामाईक मालकीचा होता. त्या अंतिम स्पर्धेत इतर स्पर्धकही त्याच स्कूटरवर बसले.

या खेळाचा उगम एका माणसापर्यंत नेता येतो, असं रोडिओतल्या दुसऱ्या कुठल्याच प्रकाराबद्दल म्हणता येत नाही. बिल पिकेट १८७०मध्ये टेक्सासमध्ये जन्मला, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय आईवडिलांच्या पोटी, तेरा भावंडांतला दुसरा. झुडपात शिरलेलं गुरू बुलडॉग कुत्री ओठ चावून जागच्या जागी धरून ठेवतात हे त्याने पाहिलं आणि तेच स्वतः करून बघितलं. घोड्यावरून उडी, शिंगांना मिठी, दातांनी गोऱ्ह्याचा वरचा ओठ आणि मागे झोकून देणं. म्हणून या प्रकाराला आजही बुलडॉगिंग म्हणतात, चावणं मात्र केव्हाच सुटलं. १९०४मध्ये त्याने शायान फ्रंटियर डेज या रोडिओत हे करून दाखवलं, मग ओक्लाहोमातल्या मिलर बंधूंच्या '१०१ रँच' खेळाबरोबर तो देशोदेशी हिंडला. १९०८मध्ये मेक्सिको सिटीत मिलरने पैज लावली, की झुंजीच्या बैलाला पिकेट पाच मिनिटं लटकून राहील. तो त्याहून जास्त वेळ लटकला. संतापलेल्या प्रेक्षकांनी त्याच्यावर हाताला येईल ते फेकलं.

ज्याने खेळ जन्माला घातला त्याला वर्णामुळे अनेक स्पर्धांत उतरू दिलं जात नसे. खेळाच्या जाहिरातींत त्याचा वर्ण कधीकधी दडवला जाई. १९३२मध्ये घोड्याची लाथ बसून तो गेला. १९७१मध्ये ओक्लाहोमातल्या रोडिओ हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळालं, तो मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. पुढे अमेरिकी टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट छापलं, तर त्यावर चेहरा आला त्याच्या भावाचा, बेनचा. छापलेले संच मागे घेऊन १९९४मध्ये नवे काढावे लागले. हा तपशील वाचताना मला आजही चीड येते. कृष्णवर्णीय काउबॉयांसाठी १९८४मध्ये सुरू झालेला फिरता रोडिओ पिकेटच्याच नावाने चालतो, हे मात्र मनापासून आवडतं.

आजच्या रेसलरचं वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि सप्टेंबरअखेर संपतं. पगार नाही. प्रत्येक रोडिओची प्रवेश फी, डिझेल, चारा, सगळं खिशातून. व्यावसायिक काउबॉयांच्या पीआरसीए या संघटनेच्या क्रमवारीत जिंकलेला प्रत्येक डॉलर म्हणजे एक गुण. जानेवारीत डेन्व्हर, मग टेक्सासची मोठी मैदानं, आणि जून संपताना सुरू होतो तो काळ ज्याला ते 'काउबॉय ख्रिसमस' म्हणतात. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन ४ जुलै, त्याच्या आगेमागे रोडिओंची रांग लागते. सकाळी ॲरिझोनात, रात्री आणखी कुठे, मधे वायोमिंगमधलं कोडी, कधी सीमा ओलांडून कॅनडातलं पोनोका. माणसांना उडून जायला विमानं आहेत, पण घोडे रस्त्यानेच जातात. त्यामुळे एक जण गाडी हाकतो, बाकीचे झोपतात. शायानला गोऱ्ह्याला लांब आघाडी मिळते, पेंडलटनला हिरवळीवर टाचा घसरतात. लास वेगासच्या बंदिस्त मैदानात झेप जवळजवळ बॉक्सबाहेर पडताच घ्यावी लागते. प्रत्येक ठिकाणी तोच खेळ नव्याने शिकावा लागतो.

शरीर त्याची किंमत मोजतं. गुडघे, खांदे, छातीचे स्नायू. १९८०च्या दशकापासून मोठ्या रोडिओंवर क्रीडावैद्यकाचं पथक असतं, पण दुखापतीच्या काळात कमाई शून्य. कॅलिफोर्नियाचा ल्यूक ब्रॅन्किन्यो टाइप १ मधुमेह सांभाळत २००४ ते २०१४ या काळात पाच वेळा विश्वविजेता झाला. रात्रभर प्रवास, अवेळी जेवण आणि इन्सुलिनचा हिशेब एकत्र सांभाळून त्याने हे साधलं, याचं महत्त्व मला त्याच्या विजेतेपदांइतकंच वाटतं.

आणि गोऱ्ह्याचं काय? हा प्रश्न टाळून या पेशाबद्दल लिहू नये. मान पिळून जनावर पाडणं हे त्याच्यासाठी भीतीचं आणि वेदनेचं आहे, असं प्राणिहक्क संघटना सांगतात, आणि मला त्यात तथ्य दिसतं. ब्रिटनमध्ये १९२४च्या वेम्बली रोडिओनंतर उसळलेल्या रोषातून १९३४चा कायदा आला आणि तिथला रोडिओ जवळपास संपला. पीआरसीएच्या नियमांत वजनाची मर्यादा, मैदानावर पशुवैद्य, जखमी जनावराला खेळवण्यास मनाई आहे. हे नियम गरजेचे आहेत, पण त्यांनी प्रश्न मिटत नाही. बैलगाडा शर्यतींचा वाद २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत पाहिलेल्या मराठी वाचकाला तो नवा वाटणार नाही.

३० सप्टेंबरला हिशेब बंद होतो. पहिले पंधरा जण डिसेंबरात लास वेगासला नॅशनल फायनल्स रोडिओसाठी जातात. सलग दहा रात्री, आणि एका फेरीत पहिला येणाऱ्याला तीस हजार डॉलरहून अधिक. पंधरांत न आलेले कित्येक जणही तिथे पोचतात, उजव्या बॉक्समध्ये, हेझर म्हणून. त्यांच्या घोड्यावर बसून दुसऱ्या कोणी फेरी जिंकली, तर चौथ्या हिश्श्याचा धनादेश पुढल्या मोसमाच्या डिझेलला लागतो.