कपाटातून दोरीवर

पिन मारलेलं सोळा पानांचं चित्रपुस्तक कपाटात उभं ठेवलं की हरवलंच समजा. त्याला कणा नसतो, कण्यावर नाव नसतं; दोन जाड पुस्तकांच्या मधे ते दबून जातं आणि वर्षभर कुणाच्या हाताला लागत नाही. म्हणून शाळेत नवी पुस्तकं पोचली की आधी खिडकीच्या गजापासून दाराच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधायची. पुस्तक कपड्यांच्या चिमट्यानं अडकवायचं, मुखपृष्ठ मुलांकडे करून. सुतळीची उंची पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल एवढीच. त्याहून वर बांधली तर वर्ग छान दिसतो, पण पुस्तकं तशीच लटकत राहतात.

पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या शाळांमध्ये पुस्तकं निवडण्याचं, मांडण्याचं आणि वाचून दाखवण्याचं काम मी इथल्या शिक्षकांच्या सोबतीनं करते. ५ ऑक्टोबर २०२३ला हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, बाजार नागपूरचा, आणि शाळेत बहुतेक ठिकाणी हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा भाग मध्य प्रदेशात राहिला. पुढे १९६७ साली महाराष्ट्रात दोन मोठ्या गोष्टी झाल्या: बालभारतीची स्थापना आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा. दोन्हींचा हात सीमेपर्यंतच पोचतो. पलीकडच्या नरखेड-काटोलच्या मुलाला मराठी पाठ्यपुस्तक आपोआप मिळतं. इथल्या मुलापर्यंत मराठी पुस्तक कुणीतरी हातानं आणावं लागतं.

आणलं तरी ते वाचता येईलच असं नाही. लिपी एकच असल्यामुळे हिंदीतून वाचायला शिकलेलं मूल मराठी ओळ धिटाईनं सुरू करतं आणि ‘ळ’पाशी थांबतं. हिंदीच्या बाराखडीत त्याला हे अक्षर भेटलेलंच नसतं. पोळा, केळं, जांभळं, डोळा हे शब्द दिवसभर त्याच्या तोंडात असतात, पण कागदावरचा ‘ळ’ परका वाटतो. दुसरीतली एक मुलगी ‘शाळा’ या शब्दावर बराच वेळ बोट ठेवून बसली होती. शेजारच्या चित्रात घंटा आणि फळा दिसला, तशी ती एकदम ओरडली, “शाळा हाये हे!” त्यानंतर पानावरचे सगळे ‘ळ’ तिनं शोधून काढले. तेव्हापासून या भागासाठी पहिली मराठी पुस्तकं निवडताना मी एक गोष्ट मुद्दाम बघते: ओळी मोठ्या टायपात हव्यात, थोड्या हव्यात, आणि शब्द अडला तर चित्रानं तो सांगून टाकायला हवा.

यादी वाचून पुस्तकं मागवणं मला पटत नाही. शाळांच्या ग्रंथालयासाठी समग्र शिक्षा योजनेत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे, पण रक्कम मर्यादित असते आणि चुकीच्या गठ्ठ्यात ती सहज संपते. म्हणून आधी एकेक प्रत आणायची, वर्गात मोठ्यानं वाचायची, आणि मुलं पुढे सरकतात की खिडकीबाहेर बघतात ते पाहायचं. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ वाचताना दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत वाचणाऱ्याला गप्प बसावं लागतं. “माही आजी त वावरात जाते,” “आमचे बाबा संत्र्याच्या गाडीवर असतात,” असं वर्ग स्वतःच बोलू लागतो. अशा वेळी पुस्तक मिटून मुलांचं ऐकावं. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न तर विचारूच नये. तो आला की पुढच्या गोष्टीला निम्मी मुलं मागच्या रांगेत जाऊन बसतात.

हिंदी पुस्तकांना बाजूला सारून मराठी वाचन रुजणार नाही. एनसीईआरटीच्या ‘बरखा’ मालेतल्या चार स्तरांच्या चाळीस छोट्या पुस्तिका आणि भोपाळहून १९८५पासून निघणारं एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ मासिक याच दोरीवर हवं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीतही मिळते, छापून घेण्याची मुभाही आहे. दोन्ही प्रती शेजारी लावल्या की मुलं या पुस्तकातून त्या पुस्तकात ये-जा करतात. एक शब्द इकडे अडला की तिकडे सापडतो.

अवघड असतो तो सातवी-आठवीचा वर्ग. चित्रपुस्तक त्यांना लहान मुलांचं वाटतं आणि दीडशे पानांची मराठी कादंबरी पाहून हात मागे जातो. इथे पहिलं प्रकरण वाचून दाखवायचं आणि ऐन पेचात थांबायचं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही चालतो. साहित्य अकादमीच्या बाल साहित्य पुरस्कारानं अलीकडे चांगल्या कादंबऱ्यांकडे लक्ष वेधलं आहे: सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२४ची भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’. या वयाच्या मुलांसाठी आणखी कितीतरी लिहिलं जायला हवं, आणि त्यात पुण्या-मुंबईबाहेरचं जगणंही यायला हवं. इथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. नदीपात्रातलं पळसाचं झाड, त्यावरचा झेंडा, डोकं फुटून घरी आलेला काका, यावर इथल्या मुलांना तासन्‌तास बोलायचं असतं. एका वर्गानं ते लिहून काढलं, कागद दुमडून दोऱ्यानं शिवले. त्यांच्या मॅडमनी त्या पुस्तकालाही शिक्का मारून रजिस्टरमध्ये क्रमांक दिला.

रजिस्टर हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे. हरवलेल्या पुस्तकाचा जाब आपल्याला द्यावा लागेल या धास्तीनं अनेक शिक्षक कपाटाला कुलूप लावतात, आणि त्यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. जिथे मुख्याध्यापकांनी ‘फाटलं तरी चालेल, वाचलं पाहिजे’ असं सगळ्यांसमोर सांगितलं, तिथे कुलूप निघालं. देवघेवीची वही पाचवीतल्या दोन मुलांकडे दिली की ती मोठ्यांपेक्षा चोख ठेवतात. शनिवारी डागडुजी होते: सुटलेल्या मधल्या पानाला दोरा, कडेला कापडी पट्टी. सेलोटेप पिवळा पडतो, म्हणून तो वापरत नाही. डागडुजीला वारंवार येणाऱ्या पुस्तकांची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली असतात. पुढच्या खरेदीत आधी तीच घेतो, प्रत्येकी दोन प्रती.