गांठ काढावी, पाय राखावा

मांडीवर वा दंडावर गांठ उठते. ती दुखत नाहीं, म्हणून घरांत कोणी तिची वाच्यता करीत नाहीं. डॉक्टरांना दाखविल्यास पायच कापतील, ही धास्ती निराळीच. स्नायु, चरबी इत्यादि मऊ भागांत होणाऱ्या सार्कोमा नांवाच्या कर्करोगाविषयीं ही धास्ती एके काळीं निराधार नव्हती. अवयव कापणें हाच त्यावर खात्रीचा उपाय समजत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं १९७५ पासून ४३ रोग्यांवर याची कसोटी पाहिली. १६ जणांचा अवयव कापला; २७ जणांची गांठ भोंवतालच्या निरोगी भागासह काढून तेथें किरणोपचार केले. औषधें दोहोंनाही दिलीं. १९८२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अवयव राखलेल्यांपैकीं चौघांना त्याच जागीं गांठ पुन्हां झाली, कापलेल्यांत कोणासही नाहीं. तरी पांच वर्षांनीं हयात असणारे शेंकडा ८३ व ८८, म्हणजे फारसा फरक नाहीं.

आज बहुतेकांचा अवयव वांचवितां येतो. मात्र गांठ खोल, वाढती किंवा ५ सेंटिमीटरांहून मोठी असल्यास ती घाईनें कापवून घेऊं नये. आधीं एम. आर. आय., मग जाड सुईनें तुकडा काढून तपासणी, नंतर शस्त्रक्रिया, असा क्रम असावा. अर्धवट छेदानें रोग मागें राहतो व पुढील शस्त्रक्रिया अधिक मोठी करावी लागते. वाचकहो, घरांतील वडील मंडळींस एवढें अवश्य सांगा: गांठ लपवूं नका, वेळेवर दाखविल्यास पाय राहण्याचीच आशा अधिक.