डोळे हलवून आघात हलका होतो?

१९८७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सीन शापिरो बागेत फिरत होत्या. डोळे भराभर इकडून तिकडे हलले की त्रासदायक विचारांची धार बोथट होते, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यातूनच ‘ईएमडीआर’ ही उपचारपद्धती उभी राहिली. ऐकायला जादूटोणा वाटतो ना? पण २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पीटीएसडीसाठी (आघातानंतरच्या तणाव-विकारासाठी) तिची शिफारस केली. उपचाराचे टप्पे आठ. डोळ्यांचं काम पूर्वइतिहास आणि तयारीनंतरच. (व्हिडिओ लावून घरी करायचा प्रकार नव्हे हा!)

वाद आहे तो डोळ्यांच्या हालचालीनं नेमकं काय होतं यावरूनच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांच्या मते कार्यकारी स्मृतीची क्षमता मर्यादित असते. त्रासदायक आठवण जागी ठेवून डोळ्यांनी थेरपिस्टच्या बोटाचा पाठलाग केला, की ही क्षमता वाटली जाते आणि आठवण फिकी पडते. मला हेच पटतं. कारण डोळे हलवण्याऐवजी मनातल्या मनात आकडेमोड केली तरी प्रयोगांत तसाच परिणाम दिसलाय!