वाढीव हमी : घ्यावी की न घ्यावी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सुरतेस बहिणीकडे गेलो होतो. भाचा यंदाच महाविद्यालयात दाखल झाला असून त्याला लॅपटॉप घ्यावयाचा होता. मेहुणे उधन्यातील एका कापड-कारखान्यात नोकरी करतात. पस्तीस हजारांचे यंत्र म्हणजे त्यांचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार! दोन-तीन दुकाने पालथी घातल्यावर यंत्र पसंत पडले. बिल करतेवेळी दुकानदाराने आणखी एक छापील कागद पुढे सरकवला. कंपनीची हमी एक वर्षाची. आणखी ४,२०० रुपये भरल्यास ती तीन वर्षांची होणार होती. "लई लो ने काका, बे वरसनी निरांत!" तो म्हणाला. म्हणजे, घ्या हो काका, दोन वर्षे घोर नाही.

बहीण म्हणाली, "दादा, तू मास्तर ना? मग सांग की आता." भाचाही माझ्याकडे पाहू लागला. त्या क्षणी मला पटकन उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब मांडला, तोच येथे देत आहे. आपणांपैकी अनेकांवर हा प्रसंग आज ना उद्या येणारच आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, यंत्राबरोबर येणारी मूळ हमी आणि पैसे भरून घेतलेली वाढीव हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ हमी ही वस्तूच्या किंमतीतच आलेली असते. वाढीव हमी हा मात्र स्वतंत्र सौदा आहे आणि त्याचे स्वरूप विम्यासारखे आहे. आपण थोडी रक्कम आज निश्चितपणे देतो, आणि उद्या कदाचित येणारा मोठा खर्च दुसऱ्याच्या अंगावर टाकतो.

सुरतेला हा व्यवहार नवा नाही. मोगल काळात हे देशातील प्रमुख बंदर होते. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांत 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार चालत असे. जहाजावर चढविलेल्या मालावर ही हुंडी काढली जाई. माल सुखरूप पोहोचला तरच ती वटे; जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडत. ती जोखीम पत्करण्याबद्दल तो हुंडीची किंमत कमी देई, आणि ही तूट व्यापारी आनंदाने सोसत असे. कारण एक जहाज बुडाले तर त्याची पेढीच बसण्याचे भय होते. जे नुकसान आपल्याला उठू देणार नाही, त्याचाच विमा उतरावा, हे तत्त्व त्या व्यापाऱ्यांनी कोणत्याही पुस्तकावाचून ओळखले होते.

आता आपला हिशेब. समजा, अशी शंभर यंत्रे विकली गेली आणि शंभरही गिऱ्हाइकांनी ४,२०० रुपये भरले. जमा झाले ४ लाख २० हजार. हमीत बसणाऱ्या एका दुरुस्तीचा खर्च सरासरी ९,००० रुपये धरू. तर या पैशांत सुमारे सत्तेचाळीस दुरुस्त्या होतील. याचा अर्थ असा की, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांत शंभरांतील निदान सत्तेचाळीस यंत्रे बिघडली, तरच गिऱ्हाइकांना मिळून त्यांचे पैसे परत मिळाले असे होईल. समजा वीसच बिघडली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १,८०० रुपयांची दुरुस्ती आली आणि प्रत्येकाने त्यासाठी ४,२०० मोजले. शिवाय या ४,२०० पैकी सुमारे ६४० रुपये जी.एस.टी. म्हणून जातात. उरलेल्यांत विकणाऱ्याची दलाली, कचेरीचा खर्च आणि नफा भागवायचा असतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. परंतु हमीची किंमत भागिले दुरुस्तीचा अंदाजे खर्च, हा भागाकार कोणालाही दुकानात उभ्याउभ्या करता येईल. जो अपूर्णांक येतो, त्याहून बिघाडाचा संभव अधिक आहे काय, एवढेच स्वतःला विचारावे.

हा संभव ठरविताना अभियांत्रिकीतील एक आकृती उपयोगी पडते. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख पुष्कळदा न्हाणीघरातील टबाच्या आकाराचा असतो. कारखान्यातच राहून गेलेले दोष आरंभी लवकर उघडे पडतात. तेथे रेषा उंच. मग मधला काळ बराच शांत जातो. शेवटी भाग झिजू लागले की रेषा पुन्हा चढते. आरंभीचा उंच भाग मूळ हमीतच येतो. वाढीव हमीची दोन वर्षे बहुधा टबाच्या सपाट तळावर पडतात. आणि जो भाग सर्वांत आधी झिजतो, ती बॅटरी, बहुतेक कराराच्या अटींत वगळलेली किंवा एकाच वर्षापुरती धरलेली असते.

येथे अटींचा प्रश्न येतो. साध्या वाढीव हमीत यंत्राचा आपोआप झालेला बिघाड येतो. हातून पडून पडदा फुटला, चहा सांडला, पुराचे पाणी शिरले, तर ती लागू होत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचा वेगळा करार असतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी घरातील यंत्रांना नुसत्या हमीच्या कागदाचा काही उपयोग नसतो. मी स्वतः पूर्वी एकदा असा करार घेतला होता. लॅपटॉपची बिजागरी तुटली तेव्हा 'हे बाहेरून झालेले नुकसान आहे' असे उत्तर मिळाले. अटी वाचल्या नव्हत्या, हा दोष माझाच.

म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. करार कंपनीचा आहे की दुकानदाराचा किंवा तिसऱ्याच कोणाचा? 'तीन वर्षे' यांत मूळ वर्ष धरलेले आहे काय? दुरुस्ती घरी होते की यंत्र केंद्रावर न्यावे लागते, आणि ते केंद्र कोठे आहे? यंत्र दुरुस्त होण्याजोगे नसेल तर नवे मिळते, की घसारा वजा करून पैसे? तीन वर्षांनी स्वस्त यंत्राची किंमत इतकी उतरते की, मोठी दुरुस्ती म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते.

पक्के बिल मात्र जपून ठेवावे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडून सल्लाही मिळतो.

मग वाढीव हमी कोणीच घेऊ नये काय? तसे नाही. ज्याचे पोट त्या एका यंत्रावर आहे, ज्याला बारा-पंधरा हजारांचा अचानक खर्च म्हणजे सावकाराचे दार, त्याने कंपनीचा, स्पष्ट अटींचा, शक्य तर अपघातासह करार घ्यावा. हिशेबात थोडे जास्त जातात; पण जोखमी हुंडीवाला व्यापारीही थोडे जास्तच देत होता. ज्याला हा खर्च जड जाईल, परंतु सोसेल, त्याने ते पैसे आपल्याजवळच राखावेत.

मेहुणे या दोहोंच्या मधले. त्यांची खरी भीती गर्दीच्या बसमध्ये यंत्र पडण्याची होती, आणि दुकानदाराच्या कागदात नेमके तेच नव्हते. त्यातच कंपनीच्या माहितीपत्रकात असे आढळले की, मूळ हमी संपेपर्यंत वाढीव हमी केव्हाही घेता येते; अशी सोय अनेक कंपन्या देतात. म्हणजे घाई दुकानदाराला होती, आम्हाला नव्हती! भाच्याने बँकेत दरमहा ३५० रुपयांचे आवर्ती खाते उघडले आहे. बारा महिन्यांनी बरोबर ४,२०० होतील. अकराव्या महिन्यात यंत्राची तब्येत पाहून तो निर्णय घेईल. यंत्र कुरकुरत असेल तर हमी घ्यावी. नसेल तर पैसे खात्यावर राहतील आणि पुढेमागे बॅटरीला तरी उपयोगी पडतील.

"पण मामा, तेराव्या महिन्यातच बंद पडला तर?" त्याने विचारले. तसे होऊ शकते. हिशेब शंभरांचा असतो आणि बिघडते ते आपले एकच यंत्र, हे खरे आहे. म्हणूनच मी त्याला निकाल दिला नाही, हिशेब दिला. निकाल ज्याने त्याने आपल्या खिशाकडे पाहून लावावा. मात्र दुकानदाराच्या घाईने लावू नये.