उरलेला खार: मावडूच्या बरणीतला

मावडू (वडुमांगाय): चेन्नईच्या उन्हाळ्यातलं लोणचं. देठासकट, कोय न धरलेल्या बाळकैऱ्यांचं.

खार कसा सुटतो: कैऱ्यांना एरंडेल चोळतात, वर खडे मीठ, हळद, मोहरीची पूड, तिखट. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. मीठच फळातलं पाणी ओढून घेतं. रोज बरणी हलवली की काही दिवसांत कैऱ्या सुरकुततात आणि मोहरीच्या झणक्याच्या खारात बुडतात. म्हणजे हा खार कैरीचाच रस.

कैऱ्या संपल्यावर:
• ताकात चमचाभर, दहीभातावर धार. वेगळं मीठ नको.
• हिरव्या मिरच्या, आल्याच्या चकत्या मुरवायला.

नातं आणि फरक: कोकणातल्या मिठातल्या कैऱ्या याच कुळातल्या. तेलाच्या लोणच्यात तेलाचा थर हवा अडवतो; इथे टिकवतं ते मीठ आणि आंबटपणा.

जपणूक: खारात मुरवायला घातलेल्या ताज्या भाज्यांना पाणी सुटून खार पातळ होतो. दुसऱ्यांदा भरलेली बरणी फ्रीजमध्ये ठेवावी, लवकर संपवावी. बुरशी वा कुबट वास आला तर खार टाकावा.

मीठ: जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा: दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. १० टक्के मिठाच्या १५ मिलिलिटर खारात सुमारे दीड ग्रॅम.