विश्लेषण : वीस वर्षे प्रोग्रॅम लिहिलेल्यांना जावा शिकताना अडते कुठे?

नागपूरच्या हिंगणा मार्गावर प्रोग्रॅमरच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे वानाडोंगरी, डिगडोह परिसरातली अभियांत्रिकी महाविद्यालये. त्यातले यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासूनचे. तिथल्या मुलांना क्लास, ऑब्जेक्ट हे शब्द पदवीच्या सुरुवातीलाच भेटतात. दुसरीकडे हिंगणा एमआयडीसी. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना याच पट्ट्यात आहे. अशा औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांत माल, बिले आणि उधारी सांभाळणारा प्रोग्रॅम कधीकाळी एखाद्याने फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला असतो आणि तो बिनबोभाट चालू असतो.

आता मात्र त्याला हात लावावा लागतो. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून अन्य व्यावसायिकांना दिलेल्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. म्हणजे जुन्या प्रोग्रॅमला सरकारी पोर्टलशी बोलता आले पाहिजे. मालक म्हणतो, नव्याने जावात किंवा सी शार्पमध्ये लिहून टाका. आणि मग वीस वर्षे हेच काम केलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस पुन्हा पहिलीत बसतो.

जुना प्रोग्रॅम इतकी वर्षे टिकला कसा?

व्हिज्युअल बेसिक ६ ही आवृत्ती १९९८ ची. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबी डॉट नेट आणली. नाव जवळपास तेच, पण आतून ती पूर्णपणे ऑब्जेक्ट ओरिएंटेड होती. जुना प्रोग्रॅम तसाच्या तसा तिच्यात चालत नव्हता. जगभरातले व्हीबीवाले चिडले. मार्च २००५ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने गौरवलेल्या तज्ज्ञांपैकी अनेकांनी जुनी भाषा जिवंत ठेवावी म्हणून याचिका केली. उपयोग झाला नाही. २००८ मध्ये त्या भाषेच्या विकास-साधनाला मिळणारा आधार पूर्ण थांबला. फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ती २००४ ची, तिचाही आधार २०१५ मध्ये संपला. मात्र व्हीबी ६ मध्ये तयार झालेले प्रोग्रॅम आजच्या विंडोजवरही सहसा चालतात. चालते आहे त्याला कोण हात लावणार? त्यामुळे बदलाचा प्रश्न एक अख्खी पिढी पुढे ढकलला गेला.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे नेमके काय?

जुन्या पद्धतीत माहिती एकीकडे आणि तिच्यावर काम करणाऱ्या सूचना दुसरीकडे असतात. ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत दोन्ही एकत्र बांधतात. त्या गाठोड्याचे नाव ऑब्जेक्ट आणि त्याचा साचा म्हणजे क्लास. व्याख्या इतकीच. पण व्याख्येने कोणाला काही कळत नाही, म्हणून हिंगण्याचेच एक बिल घेऊ.

समजा, एमआयडीसीतला एक कारखाना ट्रॅक्टरचे रेडिएटर विकतो. माल पुण्याला गेला तर तो राज्यातच राहिला, म्हणून केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी अर्धा-अर्धा लागतो. नागपूरहून जवळ असलेल्या सौंसरला गेला तर मध्य प्रदेश लागले, म्हणून एकत्रित आयजीएसटी. इथवर जुना प्रोग्रॅमर एक इफ-एल्स लिहितो : राज्य महाराष्ट्र असेल तर हे, नसेल तर ते. आता तोच माल मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपनीला पाठवायचा आहे. मिहान महाराष्ट्रातच, नागपुरातच. पण कायद्याने हा पुरवठा आंतरराज्य धरला जातो आणि त्यावर शून्य दर असतो. आवश्यक हमीपत्र दिलेले असेल तर कर न लावता बिल करता येते. म्हणजे इफमध्ये आणखी एक इफ. हाच निर्णय बिल छापताना, परतावा घेताना, विवरणपत्र भरताना लागतो, म्हणून तो इफ प्रोग्रॅममध्ये चार-पाच ठिकाणी उतरतो. कुठेतरी एक जागा राहून जाते.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत ‘राज्यातला व्यवहार’, ‘राज्याबाहेरचा व्यवहार’ आणि ‘विशेष क्षेत्राशी व्यवहार’ हे तीन वेगळे ऑब्जेक्ट होतात. प्रत्येकाला आपला कर काढता येतो. बिल फक्त म्हणते, ‘कर सांग’. समोर तिघांपैकी कोण आहे, हे बिलाला माहीत असण्याची गरज नसते. पुस्तकात याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना साधी आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसता दर बदलण्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. रेडिएटर, क्लच अशा अनेक सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर. दर ज्याने तक्त्यात ठेवला होता त्याने एक आकडा बदलला आणि तो चहाला गेला, मग भाषा फॉक्सप्रो का असेना. आकडा नव्हे तर हिशेबाची रीतच वेगवेगळी असते, तेव्हा ऑब्जेक्टचा खरा उपयोग होतो. ‘जुने ते टाकाऊ’ असे सांगणारे शिकवणीवाले हा फरक सहसा सांगत नाहीत.

मग अनुभवी माणसालाच जड का जाते?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास मांडला. १८ भाषांविषयी प्रोग्रॅमरनी विचारलेले ४५० प्रश्न त्यांनी तपासले आणि १६ व्यावसायिक प्रोग्रॅमरच्या मुलाखती घेतल्या. आधीच्या भाषेचे ज्ञान नव्या भाषेत आडवे आल्याची २७६ उदाहरणे त्यांना सापडली. कोऱ्या पाटीवाल्याला काही येत नाही, हे त्याला ठाऊक असते. अनुभवी माणूस गृहीत धरून पुढे जातो.

व्हीबीत दोन नावे सारखी आहेत का, हे बरोबरच्या चिन्हाने पाहता येते. जावात दुहेरी बरोबर चिन्ह दोन मजकूर सारखे आहेत का हे पाहत नाही, ते दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट आहे का, एवढेच पाहते. मजकूर ताडून पाहायला ‘इक्वल्स’ ही वेगळी मेथड आहे. गंमत अशी की, प्रोग्रॅममध्येच लिहिलेली दोन सारखी नावे जावा एकाच ठिकाणी साठवते. त्यामुळे घरी केलेल्या चाचणीत चुकीचे चिन्हही बरोबर उत्तर देते. गिऱ्हाइकाचे नाव कीबोर्डवरून आले की मात्र ते फसते. अशा चुकीवर अर्धा दिवस घालवलेला माणूस वैतागतो, आणि शेजारच्या टेबलावरचा तेवीस वर्षांचा मुलगा ती दोन मिनिटांत दाखवतो. ही बोच तांत्रिक नसते.

तरीही ही किरकोळ अडचण. चिन्हे, कंस, नियम महिन्या-दोन महिन्यांत हाताखाली येतात. आता तर एआय साधने ते आयते लिहूनही देतात. खरा गुंता १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनी एका शोधनिबंधात नेमका पकडला. जुन्या पद्धतीत प्रोग्रॅमरला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काय घडते, ते सगळे दिसते. लगाम त्याच्या हातात असतो. ऑब्जेक्टच्या जगात ती सर्वज्ञता सोडावी लागते आणि प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्यापुरते काम नीट करील, यावर विसंबावे लागते. या दोघांच्या मते शिकवण्यातली सर्वांत अवघड गोष्ट हीच होती. सगळे स्वतः पाहणाऱ्या जुन्या फोरमनला एकाएकी कामे वाटून द्यायला सांगावे, तसे हे आहे.

तो जमत नाही तोवर काय होते? माणूस जावात व्हीबीच लिहितो. एकच भलामोठा क्लास, त्यात सगळ्या मेथड ‘स्टॅटिक’, माहिती वेगळ्या क्लासात आणि तिच्यावर फक्त ‘गेट’ आणि ‘सेट’. प्रोग्रॅम चालतो, म्हणून कोणी काही बोलत नाही. पण मिहानचा तो इफ पुन्हा चार-पाच ठिकाणीच राहतो. मग सहा महिन्यांनी लंबक दुसऱ्या टोकाला जातो आणि जिथे तिथे इनहेरिटन्स दिसू लागते : वस्तूखाली सुटा भाग, त्याखाली रेडिएटर, त्याखाली छोटा रेडिएटर. ‘डिझाइन पॅटर्न्स’ या १९९४ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या चार लेखकांनी तेव्हाच बजावले होते की, वारसा लावण्यापेक्षा लहान ऑब्जेक्ट एकमेकांना जोडावेत. गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या गो भाषेत तर क्लासचा वारसा ठेवलेलाच नाही.

ही विचारसरणी नवी आहे का?

मुळीच नाही. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगॉर यांनी सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आणले, तेही खऱ्या जगातल्या कामांची संगणकावर नक्कल करून पाहण्याच्या खटपटीतून. पुढे ॲलन के यांची स्मॉलटॉक, बियार्ने स्ट्रॉस्ट्रूप यांची सी++ आणि १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सची जावा.

शिकताना उपयोगी काय पडते?

बेक-कनिंगहॅम यांचा उपाय संगणकाशिवायचा होता. प्रत्येक ऑब्जेक्टसाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड. त्यावर त्याचे नाव, त्याची जबाबदारी आणि त्याला कोणाची मदत लागते ते. कार्डावर मावत नसेल तर त्या ऑब्जेक्टवर काम जास्त झाले. मग टेबलाभोवती बसून एक बिल हातांनी फिरवायचे : ज्याच्याकडे काम येईल त्याने कार्ड उचलायचे. आजही हिंगण्यातल्या कोणत्याही कार्यालयात हे पन्नास रुपयांत होईल.

दुसरे म्हणजे पुस्तकातले प्राणी-कुत्रा-मांजर सोडून स्वतःच्याच जुन्या प्रोग्रॅमचा एक तुकडा घ्यावा. सगळा नव्हे, फक्त कर, किंवा फक्त उधारी. जुन्या प्रोग्रॅममधून गेल्या वर्षीची शे-दोनशे बिले काढावीत, नव्यातून तीच पुन्हा काढावीत आणि पैशापर्यंत ताडून पाहावीत. फरक आला की दोनच शक्यता : नवा चुकला, किंवा जुन्यात कोणीही कुठे लिहून न ठेवलेला एखादा नियम आहे.

तो दुसरा प्रकार वारंवार निघतो. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी १८ टक्के कर लावून विकलेला रेडिएटर नंतर परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाप्रमाणे १८ टक्क्यांनीच काढावी लागते, आजच्या ५ टक्क्यांनी नाही. म्हणजे दर वस्तूच्या कार्डावर ठेवून भागत नाही. तो बिलाच्या कार्डावर, तारखेसह नोंदवावा लागतो. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी क्लास सर्वांत चटकन लिहिणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते. १ जुलै २०१७ च्या रात्री व्हॅटवरून जीएसटीवर आलेला प्रोग्रॅम ज्याने सांभाळला, तो ते कार्ड उचलतो.