विश्लेषण : फ्रीमेसन लॉजमध्ये नव्या सदस्याला प्रवेश कसा मिळतो? मुंबईत भारतीयांसाठी हे दार कसे उघडले?

जालना एमआयडीसीत एखाद्या नव्या शेडचे बांधकाम सुरू झाले की गवंड्याच्या हाताशी गुण्या, ओळंबा आणि लेव्हल हमखास दिसतात. हीच अवजारे मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉलमध्येही आहेत. मात्र तिथे त्यांनी भिंत बांधली जात नाही. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणूक, लेव्हल म्हणजे समानता, असा त्यांचा अर्थ नव्या सदस्याला समजावून सांगितला जातो. ‘मेसन’ म्हणजे गवंडीच.

फ्रीमेसन नेमके कोण?

युरोपातील दगडकाम करणाऱ्या कारागिरांच्या संघटनांशी या परंपरेचे नाते जोडले जाते. १७१७ मध्ये लंडनमधील चार लॉज एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली. अठराव्या शतकातच ही चळवळ कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबर कोलकाता, मुंबई, चेन्नईत पोहोचली. ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना २४ नोव्हेंबर १९६१ रोजी झाली.

सदस्यत्व कसे मिळते?

सहसा २१ वर्षे पूर्ण झालेल्या आणि ईश्वरी शक्तीवर श्रद्धा असलेल्या पुरुषाचा विचार होतो. धर्म कोणता, याला महत्त्व नाही. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेता येते, त्यामुळे भारतीय लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथ साहिब, अवेस्ता असे ग्रंथ एकत्र ठेवलेले असतात. एक सदस्य नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, चौकशी होते आणि मग गुप्त मतदान. पांढरा गोळा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार. नियमापेक्षा जास्त काळे गोळे पडले की अर्ज फेटाळला जातो. कोणी विरोध केला, हे अर्जदाराला कळत नाही. लॉजच्या गूढतेची एवढी चर्चा होते, पण सर्वाधिक अधिकार आहे तो या छोट्या पेटीत.

प्रत्यक्ष प्रवेशविधीत उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि डाव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. अंगावरील पैसे, अंगठी, घड्याळ अशी सगळी धातूची वस्तू आधीच काढून घेतली जाते. (सळया आणि पोलादावर चालणाऱ्या जालन्याला ही अट गमतीची वाटेल.) शपथ झाल्यावर पट्टी सुटते आणि कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन मिळतो. नंतर नव्या सदस्याला लॉजच्या ईशान्य कोपऱ्यात उभे केले जाते. इमारतीची कोनशिला तिथे बसवतात, म्हणून. वास्तुशास्त्रातील ईशान्येचे महत्त्व माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. तिथे त्याच्याकडे दान मागितले जाते, पण खिशात तर काहीच नसते. पुढे कधी रिकाम्या हाताचा माणूस समोर आला तर हा क्षण आठवावा, असा त्यामागचा हेतू. यानंतर आणखी दोन पायऱ्या पार केल्यावर तो ‘मास्टर मेसन’ होतो.

मग मुंबईत वाद कशाचा होता?

बंधुत्वाची भाषा बोलणाऱ्या या संस्थेत एकोणिसाव्या शतकातील मुंबईत भारतीयांना जागा नव्हती. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना युरोपियन सदस्यांच्या लॉजने नाकारले. ते युरोपला गेले आणि १८४२ मध्ये पॅरिसच्या एका लॉजमध्ये रीतसर मेसन होऊन परतले. तरीही मुंबईच्या ‘पर्सिव्हरन्स’ लॉजने त्यांना घेतले नाही. पर्सिव्हरन्स म्हणजे चिकाटी. ती दाखवली अर्जदाराने!

अखेर पश्चिम भारतातील स्कॉटिश शाखेचे प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी डिसेंबर १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज सुरू केली. तिचा उद्देशच भारतीयांना प्रवेश देण्याचा होता. आधी कोणी चुकले होते असे मान्य झाले नाही, जुन्या लॉजचे दारही लगेच उघडले नाही. शेजारी नवे दार बसवले गेले, एवढेच. माणकजी पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात न्यायाधीश झाले आणि मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी त्यांनी संस्था काढली.

बंगालमध्ये हिंदूंना आणखी थांबावे लागले. अनेक देव मानणाऱ्याला ‘एका ईश्वरावर श्रद्धा’ ही अट लागू होते का, असा आक्षेप तिथे होता. अनेक वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर १८७२ मध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना कोलकात्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये प्रवेश मिळाला. त्याच लॉजमध्ये १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे नंतरचे स्वामी विवेकानंद, सदस्य झाले.

महिलांना प्रवेश आहे का?

ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉजमध्ये नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी ‘को-मेसनरी’ ही वेगळी शाखा आहे. अॅनी बेझंट १९०२ मध्ये तिच्या सदस्य झाल्या आणि त्यांनी ती भारतात आणली.

ऑनलाइन आमंत्रण आले तर?

‘फ्रीमेसन व्हा, श्रीमंत व्हा’ असे मेसेज समाजमाध्यमांवर फिरत असतात. कधी त्यांना ‘इल्युमिनाटी’ची जोड दिलेली असते. आधी नोंदणी शुल्क, मग ‘किट’चे पैसे, असा मामला असतो. खऱ्या लॉजमध्येही प्रवेश शुल्क आणि वार्षिक वर्गणी आहे, पण अनोळखी खात्यावर पैसे पाठवून तिथे सदस्य होता येत नाही. सुचवणारा सदस्य, प्रत्यक्ष भेट आणि मतदान या गोष्टी टळत नाहीत. आर्थिक लाभाचे आश्वासन तर दिलेच जात नाही. उलट, सदस्यत्वामागे लाभाचा हेतू नाही, असे उमेदवाराकडूनच वदवून घेतले जाते. पैसे आधीच गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर तातडीने तक्रार करावी.